जुन्या हेलिओसची फोकस रिंग जड फिरते, शिलाई मशीनचं तेल सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एकाने सेकंडहँड हेलिओस 44-2 ही जुनी रशियन लेन्स घेतली, म्हणजे 58 मिमी, एफ/2. कॅननच्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, एम42 अडॅप्टर लावून तो ती वापरतो. फोकस रिंग दोन बोटांनी हलत नाही, अख्खी मूठ आवळावी लागते. डिसेंबरात पहाटे कासला तर ती जवळजवळ जाम झाली. जोर लावला की रिंग राहते बाजूला आणि लेन्सच अडॅप्टरमधून सुटायला लागते. कुणीतरी सल्ला दिला की कडेने शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोड, लोण्यासारखी फिरेल. तेल सोडू का, घरी उघडू का, की परत करू?

आधी तेलाचं बघू, कारण तिथे झालेलं नुकसान पुन्हा भरून निघत नाही. तेल सोडू नका. शिलाई मशीनचं नाही, सायकलचं नाही, डब्ल्यूडी-40 तर अजिबात नाही. रिंग हलकी होईल यात शंका नाही, त्याच दिवशी होईल. पण तेल आट्यांत थांबत नाही. उन्हात बॅग तापली की ते पातळ होऊन पसरत जातं, अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्यांवर येतं, आणि त्यातला उडणारा भाग आतल्या काचांवर धुरकट थर होऊन बसतो. आट्यांतलं जुनं वाळलेलं ग्रीस तेलाने अर्धवट भिजतं, त्यातली धातूची भुकटी सुटी होते आणि रिंग फिरवाल तशी ती भुकटी आटे घासत राहते. काही आठवडे मजा वाटते, मग रिंग एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी करकरीत अशी होते. तेव्हा उघडायला घेतली तर काम तिप्पट वाढलेलं असतं.

या सल्ल्यामागचा गैरसमज असा की रिंग नुसती सहज फिरायला हवी. तसं नाही. फोकस रिंगला ठरवून अडवलेलं असतं. आतल्या आट्यांच्या जोडीला हेलिकॉइड म्हणतात. त्याच्या दोन भागांमध्ये बारीक फट असते आणि ती घट्ट, चिवट ग्रीसने भरलेली असते. फिरवताना हाताला जो सलग, मखमली विरोध लागतो तो त्या ग्रीसचा. धातूवर धातू घासल्याचा तो विरोध नसतो. ग्रीस तिथे वंगण म्हणून असतं त्याहून जास्त आवर घालण्यासाठी असतं. म्हणून बोट थांबलं की रिंग तिथल्या तिथे थांबते, पुढे घरंगळत नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, ते तुमच्याच लेन्सच्या आकड्यांत सांगतो. इन्फिनिटीपासून, म्हणजे अगदी दूरच्या फोकसपासून, अर्ध्या मीटरच्या सर्वांत जवळच्या फोकसपर्यंत 58 मिमीची लेन्स सुमारे 9 मिमी पुढे सरकते. एक मीटरवरचा चेहरा एफ/2 ला टिपताना क्रॉप सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली दोन ते अडीच सेंटिमीटर असते. तेवढ्या खोलीसाठी लेन्सची हालचाल 0.09 मिमी होते, म्हणजे रिंगच्या एकूण फेऱ्याचा साधारण शंभरावा भाग. रिंग जड असेल तर बोट आधी जोर साठवतं आणि मग झटक्यात सुटतं. त्या झटक्यात हा शंभरावा भाग कुठल्याकुठे मागे पडतो. डोळ्यावर आणायचा फोकस कानावर जातो आणि आपण दोष काचेला देतो.

आता जड म्हणजे नेमकी कशी जड, हे तुमच्या प्रश्नातून पूर्ण कळत नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बोटांनी तपासणी करा.

लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, अडॅप्टरही काढा आणि नुसती लेन्स हातात धरून रिंग फिरवा. कॅमेऱ्यावर जड आणि हातात बरी, असा फरक पडला तर दोष अडॅप्टरचा आहे. स्वस्त अडॅप्टरचे आटे वेडेवाकडे असतात आणि लेन्सच्या मागच्या भागाला पिळ देतात. हातातही तेवढीच जड असेल तर इन्फिनिटीपासून अर्ध्या मीटरपर्यंत सावकाश फिरवत जड जागा कुठे येते ते पाहा. सगळीकडे सारखी जड, थंडीत जास्त, दुपारी कमी, आणि पाच मिनिटं हातात खेळवल्यावर थोडी मोकळी होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा जशीच्या तशी, असं असेल तर ग्रीस वाळलं आहे. यात गंभीर काही नाही. तुम्ही कासचं जे सांगितलंत त्यावरून मला हाच अंदाज जास्त वाटतो. या रशियन लेन्समध्ये मुळातच जाड ग्रीस भरलेलं असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातलं तेल निथळून जातं आणि मागे साबणासारखा घट्ट चोथा उरतो.

फेऱ्यात एकाच ठिकाणी अडत असेल तर प्रकरण वेगळं आहे. लेन्स कधीतरी पडलेली असते, नळी लंबगोल झालेली असते. पुढची फिल्टरची कडा पाहा, तिथे चेपलेली जागा किंवा रंग उडालेला दिसेल. कधीकधी चेप नसतोच. आधीच्या दुरुस्तीवाल्याने फोकस रिंगचे बारीक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू, इतके आवळलेले असतात की पातळ नळी आत दबते. अशा वेळी ते स्क्रू पाव फेरा सैल केले तरी रिंग मोकळी होते. ग्रीस बदलून मात्र एका जागची अडचण जात नाही.

करकर वाजत असेल तर फिरवणं तिथेच थांबवा. आत कण गेले आहेत आणि प्रत्येक फेऱ्याला आटे खाल्ले जात आहेत. आपल्या भागात हे कण कुठून येतात ते सांगायला नको. पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्यात उभं राहून फोटो काढले की हळदीची पूड रिंगच्या फटीतून आत जाते आणि ग्रीसमध्ये मिसळून पिवळा लगदा होतो. सांगलीकडे उसाचं पाचट जाळतात त्या दिवसांत काजळी बसते. ही दोन्ही मऊ असतात, त्यांनी रिंग जड होते पण आटे फारसे झिजत नाहीत. कृष्णाकाठची वाळू मात्र आटे खाते.

शेवटची तपासणी ढिलाईची. एका हाताने लेन्सचं मागचं टोक धरा, दुसऱ्याने पुढची कडा धरून हळूच वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर आटे झिजलेत किंवा लेन्सला सरळ सरकवणाऱ्या आतल्या मार्गदर्शक पट्ट्यांचे स्क्रू सैल झालेत. रिंग दोन-तीन अंश फिरूनही लेन्स पुढे सरकत नसेल तर बहुधा ते स्क्रूच. तुमच्या तक्रारीत ढिलाई नाही. पण जड ग्रीस अनेकदा ढिलाई झाकून ठेवतं, आणि साफ केल्यावर ती उघडी पडते. आधीच माहीत असलेलं बरं.

लेन्स अडॅप्टरमधून सुटते याचं कारण साधं आहे. एम42 म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायचा 42 मिमी व्यासाचा आणि 1 मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) आट्यांचा माउंट. त्याला कुलूप नसतं, नुसतं आवळून बसवायचं. रिंगचा विरोध त्या आवळण्यापेक्षा जास्त झाला की आधी माउंट सुटणार. म्हणून अडॅप्टरमध्ये डिंक किंवा टेप घालून उपयोग नाही. रिंग हलकी झाली की ही तक्रार आपोआप जाते.

जाता जाता अडॅप्टरबद्दल एक गोष्ट, कारण ती फोकसच्या दोषात नेहमी मिसळते. एम42 चं फ्लँज अंतर, म्हणजे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर, 45.46 मिमी आहे आणि कॅनन ईएफचं 44. मध्ये दीड मिमी जागा असल्यामुळे साधा धातूचा अडॅप्टर चालतो आणि इन्फिनिटी मिळते. निकॉन एफचं अंतर 46.5 आहे, म्हणजे लेन्स मुळातच किमान 1.04 मिमी पुढे बसते. मग 58 मिमीच्या लेन्सला सव्वातीन मीटरच्या पुढचं काही स्पष्ट येत नाही. उद्या मित्राच्या निकॉनवर लावून पाहिलीत तर लेन्स बिघडली असं समजू नका.

आता मुख्य प्रश्न. घरी उघडावी का? हात स्थिर असेल, टेबलावर दोन दिवस कुणी हात लावणार नाही अशी जागा असेल आणि लेन्स गेली तरी चालेल अशी मनाची तयारी असेल तर हेलिओस 44-2 शिकायला चांगली आहे. सगळं धातूचं, वायर नाही, विजेचं काही नाही, पाकळ्यांना स्प्रिंग नाही. तीन कारखान्यांनी ती बनवली, क्रास्नोगोर्स्क, मिन्स्क आणि वल्दाई इथल्या. त्यामुळे स्क्रूच्या जागा थोड्याफार वेगळ्या निघतात, पण रचना तीच. पहिलीच वेळ असेल तर जपानी ऑटो-अ‍ॅपर्चर लेन्सवर हात साफ करू नका. त्यात अ‍ॅपर्चर रिंगखाली मिलिमीटरभराची स्टीलची गोळी आणि स्प्रिंग असते. ती उडाली की गेली.

हत्यारं कमी पण योग्य हवीत. रशियन लेन्सला सरळ खाचेचे स्क्रू असतात. 1.0, 1.2 आणि 1.4 मिमी पात्याचे घड्याळ दुरुस्तीचे स्क्रू ड्रायव्हर पुरतात. पातं खाचेत पूर्ण बसलं पाहिजे, अर्धवट बसलेलं पातं स्क्रूचं डोकं खातं. जपानी लेन्सच्या चौफुली स्क्रूंना जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या टोकाचा ड्रायव्हर लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला नेहमीचा फिलिप्स त्यांच्यात वर चढतो आणि घसरतो. गोल रिंगांच्या दोन खाचांत बसणारा लेन्स स्पॅनर घ्या. कंपासपेटीतलं कर्कटक वापरायचा मोह होईल, पण ते घसरतं आणि काचेवर आयुष्यभराची रेघ ओढतं. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत ओळखीचा टर्नर असेल तर तो स्टीलच्या पट्टीतून कामापुरता स्पॅनर करून देतो. आणि एक व्हर्नियर कॅलिपर. तो नसेल तर काम सुरूच करू नका, कारण परत जोडताना तोच साक्षीदार असतो.

साफसफाईला लायटर फ्लुइड, म्हणजे नॅफ्था. तो ग्रीस विरघळवतो आणि मागे काही ठेवत नाही. पंपावरचं पेट्रोल नको, त्यातल्या मिश्रणांचा थर राहतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल शेवटच्या पुसण्याला उत्तम, पण जुन्या ग्रीसवर ते दुबळं पडतं. अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर फक्त स्क्रूवर लाखेचा थेंब असेल तर तेवढ्यापुरता, काडीच्या टोकाने. अंकांवर गेलं तर कोरलेल्या आकड्यांतला रंग पुसून जातो. खिडकी उघडी ठेवा, आणि त्या खोलीत गॅस, समई, उदबत्ती काही पेटतं नको. नॅफ्थाची वाफ झटकन पेट घेते.

पहिलं काम मोजमापाचं. रिंग इन्फिनिटीला टेकवा आणि माउंटच्या पृष्ठापासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. मग काचेचा भाग आधी बाहेर काढा. 44-2 मध्ये बहुतेक वेळा तो अख्खा ठोकळा म्हणून निघतो. तो कापडात गुंडाळून डब्यात, टेबलापासून लांब. काच टेबलावर ठेवून शेजारी नॅफ्था वापरला की शिंतोडे उडणारच. ग्रब स्क्रू काढताना ते पूर्ण काढू नका, जेवढे सैल केल्यावर रिंग निघते तेवढेच करा. दोन मिमी लांबीचा ग्रब स्क्रू फरशीवर पडला की सापडत नाही. टेबलावर पांढरा टर्किश टॉवेल अंथरलेला असला तर निदान उसळत तरी नाही.

फोकस रिंग निघाली की हेलिकॉइड दिसतं, आणि इथे घाई नको. मागे-पुढे सरकताना लेन्स स्वतःभोवती फिरू नये म्हणून खोबणीतून सरकणाऱ्या पट्ट्या असतात. त्या काढण्याआधी कुठली कुठल्या बाजूची ते खुणा करून ठेवा. दोन्ही एकसारख्या दिसल्या तरी अदलाबदल करू नका, त्या आपापल्या खोबणीत घासून बसलेल्या असतात. मग हेलिकॉइड उलटं फिरवत न्या, अगदी सावकाश. ज्या क्षणी दोन भाग एकमेकांपासून सुटतात त्या क्षणी हात थांबवा. दोन्ही भागांवर समोरासमोर सुईने एक बारीक ओरखडा मारा आणि मोबाइलवर फोटो काढा. हीच ती खूण. आत-बाहेर असे दोन हेलिकॉइड असतील तर प्रत्येकाची खूण वेगळी, एकाला एक रेघ आणि दुसऱ्याला दोन.

याचा एवढा आग्रह का? साध्या बोल्टला एकच आटा असतो, कुठूनही लावला तरी तो बसतो. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात 9 मिमी सरकायचं तर एका आट्याने भागत नाही. म्हणून हेलिकॉइडला शेजारी शेजारी अनेक आटे कापलेले असतात आणि तेवढीच प्रवेशाची तोंडं असतात. हाताला सगळी सारखीच लागतात आणि सगळ्यांत ते बसतंही. पण बरोबर तोंड एकच. समजा एक तोंड चुकलं आणि त्याने लेन्स दीड मिमी पुढे बसली, तर सव्वादोन मीटरच्या पलीकडचं काही फोकसमध्ये येणार नाही. तोंड दुसऱ्या बाजूला चुकलं तर रिंग इन्फिनिटीच्या पलीकडे जाईल आणि जवळचा फोकस कमी होईल. लोक मग माउंटखाली कागदाच्या चकत्या घालत बसतात. चकती हा बारीक दुरुस्तीचा उपाय आहे, आटा चुकल्याचा नाही.

सुटलेले भाग पाहिलेत की ग्रीसचा रंग बरंच सांगतो. करडं-काळं असेल तर अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घासून झालेली भुकटी. हिरवट असेल तर पितळ गंजतंय. पिवळट-तपकिरी घट्ट असेल तर नुसतं वय. बांबूच्या काडीने आट्यांतून ओढून काढा, मऊ टूथब्रश आणि नॅफ्थाने दोन-तीनदा धुवा, कापडावर काळं उमटेनासं झाल्यावर थांबा. स्टीलची सुई आट्यांत फिरवू नका. धुतलेलं हेलिकॉइड ग्रीसशिवाय हलकेच जोडून फिरवून पाहा. कोरडंच सहज आणि सरळ फिरलं तर आटे शाबूत आहेत. कोरडं असतानाही एका जागी अडलं तर ती चेप किंवा आट्यावरचा बारीक ओरखडा असतो. ग्रीस भरल्यावर ही गोष्ट कळत नाही, म्हणून ही पायरी वगळू नका.

ग्रीस कुठलं, यावर भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे: हेलिकॉइडसाठीच बनवलेलं किंवा डॅम्पिंग ग्रीस म्हणून विकलं जाणारं घ्या, मागवावं लागलं तरी. जपान हॉबी टूलचं हेलिकॉइड ग्रीस 10 आणि 30 अशा क्रमांकांत येतं, आकडा मोठा तितकं ते जड. न्योजेल 767ए हे जड डॅम्पिंग ग्रीस आहे. आटे घट्ट जुळणारे असतील तर हलकं, झिजून फट पडली असेल तर जड. घट्ट आट्यांत जड ग्रीस भरलं तर तुमची मूळ तक्रार नव्या ग्रीससकट परत येईल. गॅरेजमधलं बेअरिंगचं ग्रीस नको. ते तापून तेल सोडण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि लेन्समध्ये आपल्याला नेमकं तेच नको असतं. व्हॅसलिन तर मे महिन्यात सांगलीच्या उन्हात, बंद गाडीत, पाण्यासारखं पातळ होतं.

जुन्यावर नवं कधीच लावू नका. वेगवेगळ्या पायाची ग्रीस एकत्र आली की कधी मिश्रण पातळ होऊन वाहतं, कधी घट्ट होऊन बसतं, आणि काय होईल ते आधी सांगता येत नाही.

किती लावायचं, तर तुमच्या लेन्सच्या अख्ख्या हेलिकॉइडला तुरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. काडीने आट्यांवर लावून बोटाने पसरवा. थर इतका पातळ असावा की खालची धातूची चमक दिसत राहील. जोडल्यावर कडेने ग्रीस बाहेर आलं तर ते जास्त झालंय, पुसून टाका. पट्ट्यांच्या खोबणीत अगदी बोट फिरवल्याएवढं. जास्त ग्रीसने रिंग हलकी होत नाही, उलट जड होते, आणि वरचं ग्रीस धूळ ओढतं.

परत जोडताना खुणा समोरासमोर आणा आणि आधी उलट्या दिशेने हळू फिरवा. आटा तोंडाशी आला की किंचित खाली बसल्याचं हाताला कळतं. मग सुलट फिरवा. जोर लागला तर आटे चढलेत, लगेच मागे या. इथे चढलेल्या आट्यांवर जोर लावला तर मऊ अ‍ॅल्युमिनियम फाटतं आणि लेन्स संपते. बसल्यावर टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस फेरे द्या, ग्रीस सारखं पसरतं आणि सुरुवातीचा जडपणा कमी होतो. व्हर्नियरने पहिलं मोजमाप पडताळा. 0.1 मिमीचा फरक तुमच्या लेन्सवर इन्फिनिटीऐवजी 34 मीटरवर फोकस आणतो, म्हणजे लहान दिसणारा आकडा लहान नाही.

शेवटी इन्फिनिटी. रिंग सैल ठेवून लेन्स कॅमेऱ्यावर लावा, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, पूर्ण मोठं करा, एफ/2 ठेवा आणि दूरची बारीक कड धरा. साताऱ्यात गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर त्यासाठी उत्तम आहे, त्याच्या आडव्या पट्ट्या मोजता येतात. सांगलीच्या सपाटीवर दूरचा मोबाइल टॉवर किंवा सरळ चंद्र. मात्र दुपारी नको, उन्हात हवा थरथरते आणि कधीच स्पष्ट दिसत नाही. कड स्पष्ट झाली की रिंगवरची इन्फिनिटीची खूण मध्यरेषेवर आणून ग्रब स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर रिंग तिरकी बसते.

पाकळ्यांचं एक राहिलं. 44-2 ला अ‍ॅपर्चर हाताने मिटवायचं असतं, त्यामुळे पाकळ्या थोड्या तेलकट असल्या तरी एक्स्पोजर बिघडत नाही. ते तेल कोरडं करायच्या नादात पाकळ्या सुट्या करू नका, परत रचताना अख्खी दुपार जाते. ऑटो लेन्समध्ये मात्र शटरच्या क्षणी पाकळ्या स्प्रिंगने मिटतात. तेलाने त्या उशिरा मिटल्या की फोटो जास्त उजळ येतो. अशी लेन्स विकत घेताना मागची पिन दाबून-सोडून पाहावी. पाकळ्या टचकन मिटल्या पाहिजेत, रेंगाळायला नकोत.

परत करायची का? बोटांच्या तपासणीत सगळीकडे सारखा जडपणा निघाला आणि काच स्वच्छ असेल तर ठेवा, विक्रेत्याकडून थोडी किंमत कमी करून घ्या. एका जागी अडत असेल, टकटक असेल किंवा करकर असेल तर परत करा. काच तपासायला मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. वरच्या पृष्ठावर असेल तर निघते, पण तिने सोडलेलं आम्ल कोटिंग खाऊन गेलं असेल तर डाग कायमचा. पुरात बुडालेली म्हणून कुणी सांगली-मिरजेकडून स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. गाळ आट्यांत बसलेला असतो, स्टीलचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये गंजून जाम झालेले असतात, आणि ड्रिल मारून ते काढायचा खर्च लेन्सच्या किमतीच्या पुढे जातो.

नंतरची निगा फार नाही. लेन्स वापरात नसली तरी महिन्यातून एकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि ठेवताना इन्फिनिटीवर ठेवा. लेन्स आत ओढलेली राहते आणि ग्रीस लावलेले आटे उघडे पडत नाहीत. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. जुन्या चामड्याच्या डब्यात तर नकोच, पावसाळ्यात बुरशी आधी चामड्याला धरते. बामणोली, महाबळेश्वरकडे पावसात फिरून आल्यावर ओली बॅग तशीच लोखंडी कपाटात बंद करण्याची सवय सगळ्यांत महाग पडते. लेन्स पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवा. मग रबराची कडा असलेल्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दहा लिटरच्या डब्याला मी पाव किलो घालतो आणि आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवतो. आकडा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. 60 च्या वर बुरशीला वाव मिळतो, 30 च्या खाली नेण्यात काही फायदा नाही. निळी जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येते. पण तिला निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, म्हणून ती तापवायला घरच्या स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. डांबर गोळ्या तर लेन्सच्या जवळपासही नकोत, त्यांची वाफ काचेवर थर धरते.

उघडण्याआधी रिंग नेमकी कुठे किती अडते ते पाहून इथे लिहा. फिल्टरची कडा आणि माउंट यांचे जवळून फोटो टाका, आणि अनुक्रमांकाजवळ कारखान्याची खूण दिसते का तेही पाहा. त्यावरून ग्रब स्क्रू कुठे शोधायचे ते सांगतो.